कागद उलटा वाचणारा कामरेड

कामरेड वारला तेव्हा वैनगंगेच्या घाटावर आम्ही सात जण होतो. त्यातला एक माझा ड्रायव्हर. ज्या माणसानं शिट्टी मारली की बालाघाटच्या राइस मिलांमधले हमाल पाठीवरचं पोतं अर्ध्या वाटेत टाकून उभे राहायचे, त्याला खांदा द्यायला चार माणसं जमवताना मला सकाळभर फोन करावे लागले. एकानं फोनवर विचारलं, "कोन? राजीनामा गेला का?" मी हौ म्हटलं. "बरं," म्हणून त्यानं फोन ठेवून दिला.

नाव सांगून उपयोग नाही. तोंडावर सगळे कामरेड म्हणायचे आणि पाठीमागे राजीनामा. मी समोर जन्मभर 'तुम्ही' म्हटलं आणि मनात 'तो' म्हटलं. इथे मनातलंच लिहितो. त्याच्याशी माझं वीस वर्षांचं भांडण होतं. ते मिटलं, पण ज्या तऱ्हेनं मिटलं त्या तऱ्हेनं मला ते मिटवायचं नव्हतं.

मालकासमोर तो बसत नसे. बसमध्ये बसायचा, हॉटेलात बाकड्यावर मांडी घालून बसायचा, लग्नाच्या पंगतीत तर पहिल्या रांगेत बसायचा. पण मिलमालकाच्या किंवा लेबर ऑफिसरच्या खोलीत शिरला की खुर्चीच्या पाठीला हात लावून उभा. "मालक खुर्ची देते अन् उंची घेते," म्हणायचा. "उभ्या माणसासंगं बोलाले त्याले मान वर करा लागते. मान दुखली का सौदा लवकर होते."

एकदा जबलपूरकडचा एक नवा लेबर ऑफिसर आला होता. सभ्य माणूस. "अरे बैठिए ना, बैठिए," चार वेळा म्हणाला. कामरेड म्हणाला, "आप बैठिए साहब, आपकी तनखा बैठने की है." तो बिचारा लाजून स्वतःच उभा राहिला. साहेब उभा म्हटल्यावर वकील उठला, मुनीम उठला, आणि शेवटी गुडघ्यानं अधू असलेला आमचा शेठही टेबल धरून उठला. दोन तास ती बैठक उभ्यानं चालली. शेठनं शेवटी सही केली ती मुद्दा पटला म्हणून नाही, पाय भरून आले म्हणून.

चहाचंही तसंच. मालकाचा चहा घ्यायचा नाही. "चहा संपेपर्यंत माणूस गोड बोलते. अन् गोड बोलता बोलता हौ म्हणून टाकते." मी मिलमध्ये नवा होतो तेव्हा मुनीमानं दिलेला कप माझ्या हातात पाहिला त्यानं. कप माझ्या हातातून काढून मुनीमाच्या पायाशी जमिनीवर ठेवला. गेटवर आल्यावर सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली मारली. माझं वय बावीस. मी थप्पड विसरणाऱ्यांतला नाही.

तो स्वतः हमाल होता पूर्वी. उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलेला, मानेच्या मागं गठ्ठ्यासारखं कातडं जमलेलं. पोत्यात खुपसायचा हमालाचा लोखंडी हुक त्याच्या झोळीत कायम असे. वाटाघाटीला गेला की तो आधी हुक काढून टेबलावर ठेवायचा. एका शेठनं विचारलं, "धमकी दे रहे हो क्या?" तर म्हणाला, "नहीं सेठ. आपने चश्मा रखा है, मैंने ये रखा है. अपना-अपना औजार है."

गावोगावच्या हमालांना तो त्यांच्या त्यांच्या पद्धतीनं हाक घालायचा. कोणाला राम राम, कोणाला जय भीम, कोणाला जोहार. त्याचं स्वतःचं कोणतं, ते कोणाला नीट कळलं नाही. पण युनियनच्या वहीत नाव घालायचं तर बापाचं नाव सांगावंच लागे. इकडच्या कचेऱ्यांत 'अमक्याचा मुलगा' याला वल्द म्हणतात. कामरेड नुसत्या नावानं कोणालाच ओळखत नसे. "बिसन कोनता? वल्द सांग." लांजीकडून काल आलेल्या पोराला दोन वर्षांनी बाजारात पाहिलं तरी बापाच्या नावासकट हाक मारायचा. "मालक तुमाले पोतं मोजते तसं मोजते," म्हणायचा. "बापाचं नाव घेतलं का माणूस मोजता येत नाही, सांगा लागते."

हे सगळं बोलायला छान वाटतं. मीही तेव्हा त्यावर भाळलो होतो.

मी दहावी पास, हिंदी शाळेत. घरी मराठी, बाहेर हिंदी, आणि दोन्ही वाचता यायचं. कामरेड चौथी शिकलेला. त्यामुळे युनियनचे अर्ज मी लिहायचो आणि मालकाकडून आलेला कागद मी वाचायचो. पण वाचनाचीही त्याची रीत होती. कागद तीनदा वाचायचा. पहिलं वाचन कानाचं. मी वाचणार, तो डोळे मिटून ऐकणार. दुसरं डोळ्याचं. तो बोट फिरवत सावकाश स्वतः वाचणार. तिसरं चोराचं. यात तो कागद खालून वर वाचायचा. शेवटची ओळ आधी, आणि त्या ओळीतही शेवटचा शब्द आधी.

"हे काहून?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"चोर पुढच्या दारानं येते का बे?"

हसण्यासारखी गोष्ट होती, पण तिसऱ्या वाचनात त्यानं किती तरी वेळा चोर पकडलेला मी पाहिला आहे. एका करारात 'नहीं' हा शब्द ओळ मोडून कोपऱ्यात बसवला होता. कानाच्या वाचनात मला तो दिसला नाही. त्यानं खालून येऊन धरला.

सौदा कसा करायचा हे मला त्यानं शिकवलं, हे नाकारत नाही. आपण आकडा बोलायचा नाही. गप्प राहायचं. समोरच्याला गप्पपणा सोसत नाही, तो भरायला तो काहीतरी देऊन बसतो. आणि एकदा धरलेला सौदा, समोर कोणी रडलं तरी, सोडायचा नाही. आज गोंदिया रोडवर माझी स्वतःची मिल आहे. ती मी याच दोन गोष्टींवर उभी केली.

आता राजीनाम्याचं सांगतो.

आमच्या मिलच्या गोदामात पोत्यांची थप्पी अठरा थर लावायचे. फळीवरून वर चढायचं, पाठीवर पोतं. एका दुपारी थप्पी सरकली आणि आमच्यासोबतचा हमाल बिसन खाली सापडला. पोती बाजूला करायला आम्हाला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ तो आतून आवाज देत होता. शेवटची चार पोती राहिली तेव्हा आवाज बंद झाला.

कामरेडनं शिट्टी मारली. मागण्या दोनच होत्या. थप्पी बाराच्या वर नाही, आणि बिसनच्या बायकोला मिलमध्ये कायम काम. आम्हाला वाटलं आठवड्यात होईल. शेठ हलला नाही. दिवस गेले, रोवण्याचे, भातलावणीचे दिवस आले, आणि खेड्यांतले हमाल एकेक करून धानाच्या बांधीकडे पळू लागले. कोणाला थांबवणार? त्यात गेटवर आमच्या पोरांनी एक ट्रक अडवला, ड्रायव्हरला मार बसला, आणि छत्तीस जणांवर पोलीस केस झाली. त्यात मी होतो.

मग एका दुपारी कामरेड शेठकडे एकटाच गेला. बाहेर आला आणि म्हणाला, "झालं. बारा थर. बिसनच्या बाईले काम. केसमध्ये राजीनामा."

मराठी वाचकाला इथं थांबवायला हवं. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडतो असं लिहून देणं. पण आमच्या मध्य प्रदेशच्या कोर्टात राजीनामा म्हणजे समझौता. दोन भांडणारे कोर्टात आपसात मिटवतात त्याला इथं राजीनामा करणं म्हणतात. नोकरी सोडायची तर इस्तीफा. त्यामुळे राजीनामा ऐकून कोणी दचकलं नाही. शेठ केस मागं घेणार, आम्ही ट्रकचं भांडण मिटवणार, एवढाच अर्थ.

दुसऱ्या दिवशी मिलच्या ऑफिसात छत्तीस कागद तयार होते. कामरेड सकाळपासून एकटाच त्यांना घेऊन बसला होता, ओट्यावर, ऑफिसच्या बाहेर. दुपारी त्यानं मला बोलावलं. सगळ्या कागदांचा मजकूर एकच म्हणून मी वरचा एक कागद सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. "मैं अपनी राजी-खुशी से यह राजीनामा करता हूँ. मिल से मेरा अब कोई विवाद नहीं, कोई दावा शेष नहीं." लोकांनी माना हलवल्या. मुनीम नावं घेऊन कागद वाटू लागला. कोणी सही केली, कोणी अंगठा.

माझा कागद हातात आला. सही करायला वाकलो आणि थबकलो. माझ्यात 'राजीनामा करता हूँ' नव्हतं. 'राजीनामा देता हूँ' होतं. शेजारी झनक उभा होता, बाजूच्याच गावचा पोरगा, माकडासारखा थप्पीवर चढायचा. त्याच्या कागदात पाहिलं. देता हूँ.

मी कामरेडच्या कानाशी गेलो. "कामरेड, यात 'देता हूँ' आहे. पहिल्यात 'करता हूँ' होतं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "लिवणाऱ्याचा हात आहे. कोर्टात दोन्ही चालते."

"पण देता म्हटलं त…"

"तुले कोर्टाची हिंदी समजत नाही. सही कर."

मी केली. माझ्यामागून झनकनं केली.

सोमवारी गेटवर मुनीम यादी घेऊन उभा. सतरा जण आत, एकोणीस बाहेर. "तुम लोगों ने तो राजीनामा दिया है." मिलचं मोठं ऑफिस गोंदियाला, महाराष्ट्रात. तिथं राजीनामा देणं म्हणजे नोकरी सोडणं. कागदावर 'राजी-खुशी से' होतं, 'कोई दावा शेष नहीं' होतं, खाली आमच्या सह्या होत्या.

कामरेडला बोलावून आणलं. त्यानं कागद पाहिला, डोक्यावरची टोपी काढली. "धोका झाला," म्हणाला. "शब्दानं फसलो मी."

माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "मी सांगितलं होतं! सही करताना मी तुमच्या कानात सांगितलं होतं!"

एकोणीस जण त्याच्याकडे पाहू लागले. त्यानं टोपी परत डोक्यावर घातली. मग म्हणाला, "मले कोनी काही नाही सांगतलं."

हे वाक्य घेऊन मी वीस वर्षं फिरलो आहे.

त्या दिवसापासून त्याचं नाव राजीनामा पडलं. कामावरून काढल्याची केस कोर्टात गेली, तारखा पडत राहिल्या, मग तारखाही पडेनाशा झाल्या. लोक त्याला हसले, पण माफ केलं. म्हातारा माणूस, चौथी शिकलेला, शब्दानं फसला. मला मात्र माफ केलं नाही. वाचणारा मी होतो. दहावी पास मी होतो. कागद मोठ्यानं मी वाचला होता. झनक कामासाठी नागपूरला गेला आणि बांधकामाच्या परांचीवरून पडून वारला. त्याची आई मला बाजारात भेटली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "वाचता येत नव्हतं त सांगाचं होतं बाबू. माह्या पोरानं दुसऱ्याजवळून वाचून घेतलं असतं."

मी कामरेडच्या घरी भांडायला गेलो होतो एकदा. रेल्वे लाइनीपलीकडे एक खोली. तो घरी नव्हता. त्याची बायको भाजी निवडत होती. जिभेची तिखट बाई. "बाहेर गेले. घरी मालक नाही ना कोनी, त यायले भांडाले जमत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "आजकाल आंघोळ करताना काहीतरी पुटपुटत राह्यतेत. देवाचं नसन. देव त मानत नाहीत." मी म्हटलं, पुटपुटू द्या. आणि परत आलो.

त्यानंतर मी युनियनचं तोंड पाहिलं नाही. धानाच्या दलालाकडे राहिलो, मग स्वतः दलाली केली, मग भाड्यानं मिल चालवली, मग घेतली. लोक शेठ म्हणू लागले. माझ्याशी सौदा करून कोणी खुशीत गेला असं होत नाही, हे मला माहीत आहे.

कामरेड अधूनमधून दिसायचा. पाय ओढत चालायचा, झोळी तीच. राम राम व्हायचा. एकदा भर चौकात मी म्हटलं, "कामरेड, एवढं एक सांगून टाका लोकांले. मी सांगितलं होतं म्हणून. माझं काही जात नाही, तुमचं काही जात नाही." तो म्हणाला, "तब्येत कशी आहे?" आणि चालू लागला.

आणि मग माझ्या मिलमध्ये हमाल थांबले.

मागच्या वर्षीची गोष्ट. माझं गोदाम लहान आहे. माल जास्त आला की थप्पी वर न्यावी लागते. एक पोतं घसरून एकाचा पाय मोडला. दुसऱ्या दिवशी हमाल अंगणात येऊन बसले, आणि दुपारी कामरेड आला. त्याला आता कोणी बोलावत नव्हतं. स्वतःच आला असावा. आधी गोदामात गेला. मी मागून गेलो तर थप्पीसमोर उभा राहून बोटानं मोजत होता.

"अठरा," म्हणाला.

"गोदाम लहान आहे, कामरेड."

"बिसनच्या शेठचंही लहानच होतं."

माझ्या ऑफिसात आला. खुर्चीच्या पाठीला हात. हुक टेबलावर. बरोबर मधोमध. मी म्हटलं, "बसा." तो हसला. चहा विचारला, नको म्हणाला.

मी आधीच कागद तयार ठेवला होता. मुद्दाम ठेवला होता, खोटं कशाला बोलू. 'हम हमाल अपनी राजी-खुशी से यह राजीनामा देते हैं.' मला पाहायचं होतं.

त्यानं चष्मा खिशातून काढून लावला, एका काडीला दोरा बांधलेला. कानाचं वाचन केलं नाही, डोळ्याचंही नाही. थेट खाली बोट ठेवलं आणि वर सरकू लागला. थांबला.

"देते नाही," म्हणाला. "करते लिव."

"आता बरं दिसलं?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "तेव्हा कुठं गेलते डोळे?"

तो गप्प. मीही गप्प बसलो. ते हत्यार त्यानंच मला दिलं होतं, आणि माझं आता त्याच्यापेक्षा धारदार होतं. शेवटी मीच भाव सांगितला, कारण मला भाव सांगायचाच होता.

"बारा थर देतो. आजपासून. कागदावर देतो. पण बाहेर जाऊन सांगा, मी तुम्हाले सांगितलं होतं म्हणून. झनकचा लहान भाऊ माझ्याकडेच कामाले आहे. तो बसला आहे बाहेर. त्याच्यासमोर सांगा."

"तू सांगतलं म्हटलं त लोक इचारतीन, मंग आयकलं काहून नाही?"

"इचारू द्या."

"मंग मले खरं सांगा लागन."

"काय खरं?"

त्यानं चष्मा घडी करून खिशात ठेवला. "तेव्हाही दिसलं होतं, बावा. छत्तीसही कागद वाचलेते मी. खालून."

आणि तेव्हा, इतक्या वर्षांनी, माझ्या डोक्यात उजेड पडला. हिंदी असो की मराठी, क्रियापद वाक्याच्या शेवटी असतं. जो खालून वाचतो त्याला करता आणि देता हेच आधी भेटतं. बाकी कोणाच्याही नजरेतून सुटलं असतं. त्याच्या सुटणं शक्य नव्हतं. आणि मी, त्याचं वाचन रोज पाहणारा, वीस वर्षं त्याला शब्दानं फसलेला समजत होतो.

"शेठले छत्तीसही बाहेर पाह्यजे होते," तो म्हणाला. सावकाश, जणू दुसऱ्या कोणाचं सांगत होता. "अन् युनियन खतम. मी एकोनीसवर आनलं. बारा थर घेतले, बिसनच्या बाईचं काम घेतलं, बाकीचे दीडशे हमाल गेटच्या आत ठेवले. रोवना लागलता. आनखी चार दिवसांनी काहीच भेटलं नसतं."

"अन् आम्हाले सांगितलं नाही."

"सांगतलं असतं त तू सही केली असती?"

मी टेबलावरचा कागद माझ्याकडे ओढला.

"एकानं नाही म्हटलं असतं त छत्तीसायनं नाही म्हटलं असतं."

"कोणते एकोणीस, ते कोणी ठरवलं?"

"मीनं."

खोलीत पंखा फिरत होता. अंगणातून हमालांचा हसण्याचा आवाज येत होता.

"ज्याच्या घरी लेकरं होती ते आत ठेवले. ज्याचे हातपाय धड होते, बाहेर कुठंही जगन असं वाटलं, ते देले. तुह्यं नाव मीच घातलं. तू जगशील हे मले माहीत होतं."

"अन् झनक?"

"चढाले भारी होता," म्हणाला. "वाटलं, कुठंही पोट भरन."

टेबलावरचा हुक माझ्या हातात कधी आला मला कळलं नाही. त्यानं हुकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खुर्चीच्या पाठीवरचा हात काढला नाही. मी हुक परत ठेवला.

दुसरा कोणी असता तर त्यानं म्हाताऱ्याला तिथंच सोडून दिलं असतं. मी सौदा सोडला नाही. मी म्हटलं, "हेच बाहेर सांगा. तर बारा."

"आधी लिवून दे."

मी 'देते' खोडलं, 'करते' लिहिलं. खाली लिहिलं की थप्पी बारा थरांच्या वर जाणार नाही. सही केली, शिक्का मारला. त्यानं पुन्हा चष्मा लावला, पुन्हा खालून वर वाचलं. कागद झोळीत ठेवला. मग पाय ओढत ओट्यावर गेला. मी दारात उभा राहिलो.

शिट्टी मारायचा प्रयत्न केला, पण नुसती हवा निघाली. तरी हमाल गप्प झाले.

कामरेड नावं घेऊ लागले. आधी मला कळलं नाही काय चाललं आहे. सुखराम वल्द मोतीराम. झनक वल्द फागू. दशरथ वल्द लहानू. एकेक नाव, बापाच्या नावासकट, न अडखळता, पाठ असल्यासारखं. कोण आता कुठं आहे तेही सांगत होते. हा रायपूरला, हा भंडाऱ्याकडे वीटभट्टीवर, हा वारला, हा कुठं आहे माहीत नाही. अठरा नावं झाली. मग थांबले, मागं वळून माझ्याकडे पाहिलं, आणि एकोणिसावं नाव घेतलं. माझं. माझ्या बापाचं नाव कोणाच्या तोंडून ऐकल्याला मला किती वर्षं झाली होती कोण जाणे.

"यायनं राजीनामा देला नाही," ते म्हणाले. "यायले मी देलं. यानं मले सही करताना सांगतलं होतं. मले आधीच माहीत होतं."

झनकचा भाऊ उठला, खांद्यावरचा गमछा झटकला आणि त्यांच्या अगदी जवळून, अंगाला अंग घासेल इतक्या जवळून, गेटकडे गेला. मग एक म्हातारा हमाल उठला. मग बाकीचे. निघून जाताना एकानं जमिनीवर थुंकलं. बारा थर त्यांना मिळाले आहेत हे सांगायचं आम्हा दोघांकडूनही राहून गेलं.

अंगण रिकामं झालं तरी ते ओट्यावर उभे होते. मग वळले, आत आले, माझ्यासमोरची खुर्ची ओढली आणि बसले. बसल्यावर किती लहान दिसत होते.

"आता चहा सांग," म्हणाले.

मी सांगितला. दोघांनी प्यायला. तो संपेपर्यंत कोणीच गोड बोललं नाही.